शेवटच्या जोत्यावरची सवाष्ण

१

मी नवस फार बोलते, असं आमच्याकडे सगळे हसून म्हणतात. खोटं नाही ते. यांना नोकरी लागावी म्हणून बोललेला फेडला, टायफॉइडमधून दीर उठला तेव्हा फेडला, जागेचा नंबर लागला तेव्हाही अनवाणी जाऊन फेडून आले. देवाने मला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. पण एक नवस असा आहे की तो फिटला की अजून फिटतोच आहे, ते मला आजही सांगता येत नाही. तोच सांगते.

एक्याण्णव साल. आम्ही नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नुकते राहायला आलो होतो. हे तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला जायचे. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचवा सरायच्या आत सगळं संपलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही पडून राहायचं आणि मी काळजी करायची." मी पडून राहिले. पडल्यापडल्या देवीच्या तसबिरीकडे बघून बोलले, "पाचवा सुखरूप सरू दे. समुद्राकाठी जी पहिली सवाष्ण भेटेल तिची ओटी भरीन."

माझं माहेर रेवदंड्याकडचं. लहानपणी आजीला असं करताना पाहिलं होतं. वाळूतून येणारी कुणीही असो, कोळीण, भाजीवाली, परगावची पाहुणी, आजी तिला थांबवायची, खाली बसवायची आणि ओटी भरायची. नाव-गाव विचारायची नाही. मीही तेच धरून चालले.

डिसेंबरात पाचवा सरला. पोटात काहीतरी मासोळीसारखं फिरायला लागलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी खण, नारळ आणि बांगड्या आणून ठेवल्या.

२

समुद्र म्हणजे कुठे जायचं, हे यांनीच ठरवलं. उरणच्या वाटेवर खारवलीला खाडी आणि समुद्र मिळतात तिथे नवं निसर्ग उद्यान झालं होतं. किनारा, खारफुटी, पक्षी, जुनी जकातीची चौकी, सगळं एका तिकिटात. कारखान्यातल्या कुणीतरी यांना सांगितलं होतं की रोहित पक्षी आलेत. यांना पक्ष्यांचं वेड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा, पण एसटीत पुढे बसा आणि उड्या मारू नका."

शुक्रवारी यांची सुट्टी होती. पनवेल स्टँडवरून दहाची गाडी घेतली. फाट्यावर उतरून दहा मिनिटं चालायचं होतं, ते आम्ही अर्ध्या तासात चाललो. फाटकावरच्या पाटीवर खंड्या रंगवला होता, तो पोपटासारखा दिसत होता.

तिकीट फाडणारा, पहारा देणारा आणि माहिती सांगणारा, तिन्ही एकच माणूस होता. काळूराम. साठीचा, खाकी शर्ट, कमरेला मात्र घरचा रुमाल गुंडाळलेला. शाळेची एक सहल नुकतीच गेली होती, त्यामुळे उद्यानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

"दुर्बीण आनलीय का साहेब?" त्याने विचारलं.

"आणलीय ना. मित्राची आहे, जपून वापरायची आहे."

"मंग जपाची ती तोंडाला. पक्षी बघाचे तं गप बसाचं. शालंची पोरं आली, बगले पार उरनला गेले बघा."

आधी त्याने आम्हाला चौकीतली खोली दाखवली. तिला माहिती केंद्र म्हणायचं. काचेच्या पेटीत शिंपले, भिंतीला मीठ ओढायची लाकडी फळी, एक मापाचं मडकं, कोल्ह्याच्या पावलांचा प्लॅस्टरचा ठसा. खोलीला दोन खिडक्या समोरासमोर होत्या आणि त्यांतून वारा असा जायचा की कुणीतरी दात मिटून श्वास घेतंय असं वाटे. मी बाहेर आले.

किनारा सुंदर होता, खरं सांगते. अर्धा काळा चिखल, अर्धी वाळू. चिखलात एकाच मोठ्या नांगीचे लाल खेकडे हजारोंनी ती नांगी हलवत उभे. खारफुटीच्या आतून पाणकावळ्यांचा आवाज. मागे जुनी मिठागरं, आता गवताने भरलेली. आणि खारफुटी आणि वाळू यांच्या मध्ये, ओळीने, दगडी जोती. घरं नव्हती. नुसती जोती, गुडघाभर उंच, प्रत्येकावर पिवळ्या रंगात एक आकडा.

"हा आमचा गाव," काळूराम म्हणाला. "चौऱ्याऐंशीला उठला. मोजनीवाल्यांनी नंबर टाकले ते अजून गेले नाय. आता रस्त्याच्या पलीकडं प्लॉट दिलेत, तिथं ऱ्हातो आमी."

"देऊळ पण रिकामंच आहे?" मी विचारलं. जोत्यांच्या टोकाला एक लहानसं देऊळ दिसत होतं, आत काहीच नव्हतं.

"देवी नेली ना वाजतगाजत. घरं सोडली वयनी, देवी कशी सोडनार?"

मला त्याचं बोलणं फार आवडलं. मी रिकाम्या गाभाऱ्यालाही हात जोडले.

पण सवाष्ण कुठेच नव्हती. बारा वाजले, साडेबारा वाजले. हे म्हणाले, "अगं, एखाद्या बगळ्याचीच भर ओटी. तोही जोडीनेच राहतो."

"तुमच्या तोंडाला कुलूप लावा," मी म्हटलं, पण हसू आलं.

"तीनला पानी चढतं," काळूराम म्हणाला. "तवर फिरा. साहेब, तुमाला रोहित दाखवतो, चला मचानावर. वयनींनी शिडी चढाची नाय."

ते दोघे गेले. मी पिशवी घेऊन जोत्यांच्या कडेकडेने सावकाश निघाले. खरं तर परतीचाच विचार करत होते. फाट्यावर चहाच्या टपरीत एक बाई दिसली होती, तिचीच भरावी असं मनात ठरवत होते.

३

ती शेवटच्या जोत्यावर बसली होती.

हे जोतं बाकीच्यांपासून जरा दूर, समुद्राच्या अंगाला होतं. नऊवारी, वर काढलेला काष्टा, लुगड्याचा रंग कधीकाळी तांबडा असावा. पूर्वेकडे तोंड करून, मांडी घालून, पदर पुढे पसरून. ओटी भरून घ्यायला बसतात, अगदी तशी. मला वाटलं, माझ्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर दिसत होती, ती बघून बसली असेल.

"ये गो बाय. लय उशीर केलास."

"माझी वाट बघत होतात?"

"कुनाची पन. ओटी भराला आलीस ना?"

मी हो म्हटलं. इतकं बरं वाटलं. नवस बोलावा आणि समोर असं माणूस मांडून ठेवलेलं मिळावं, यापेक्षा देवाने काय करायचं?

जवळ जाऊन वाकले तेव्हा दिसलं की तिच्या पदरात आधीच एक ओटी होती. नारळ, विरलेला खण, तांदूळ. आणि तांदळांना कोंब आले होते. दोन-दोन बोटं उंच, हिरवेगार, दाटीने.

मी स्वयंपाकघरातली बाई. मला ठाऊक आहे, रुजतं ते भात, साळीसकट असेल तर. कांडलेला पांढरा तांदूळ कधी रुजत नाही, कितीही पाणी घाला, तो कुजतो. मी नीट बघितलं. कोंबांखालचे दाणे पांढरेच होते, जिऱ्यासारखे बारीक. मग मी मनाला सांगितलं, यांच्याकडे गावठी पद्धत असेल, भातच घालत असतील. तेवढ्याने मनाचं समाधान झालं.

"ही कुणी भरली?"

"गाव उठला त्या दिशी. सगल्या बायांनी भरली. मंग ट्रक आला."

"मग घरी जाऊन सोडली नाहीत?" ओटी पदरात घेऊन घरी जायचं, देवापुढे सोडायची, असं कोण करत नाही?

तिने तळहात जोत्याच्या दगडावर आपटला. "घर कटंय?"

आणि हसली. मीही हसले, कसनुशी.

मी तिला कुंकू लावलं. कपाळ माठासारखं गार होतं आणि कुंकू बोटाखाली टिकेना, ओघळून भुवईत गेलं. खण ठेवला, नारळ ठेवला, बांगड्या ठेवल्या. तांदळाच्या पाच ओंजळी घातल्या. पदर जरासुद्धा जड झाल्यासारखा दिसेना. म्हणून उरलेलाही सगळा ओतला, तरी तेच. मग तिने रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे चिमटीत घेऊन माझ्या पदरात टाकले, भरणारीचीही ओटी रिकामी राहू नये म्हणून. दाणे ओले होते.

मला वाकून नमस्कार करता येईना. तिनेच हात पुढे केला आणि माझ्या पोटावर ठेवला. साडी-परकरातून तो गारवा आत गेला.

"ऱ्हाईल," ती म्हणाली. "हा ऱ्हाईल."

त्याच क्षणी बाळाने पाय मारला. मासोळीसारखं नव्हे, चांगला टाचेने मारतात तसा. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. त्या आनंदात, जे कुठल्याही हळदीकुंकवाला, कुठल्याही बाईला म्हणतो, तेच मी म्हणाले.

"घरी या ना एकदा. संक्रांतीचं हळदीकुंकू असतं आमच्याकडे. रथसप्तमीपर्यंत कधीही या. नक्की या हं."

"बोलवतेस?"

"म्हणजे काय! या."

"कटं येऊ?"

मी पत्ता सांगितला. सेक्टर, इमारतीचा नंबर, दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडचं दार. तिने तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. ओठ हलवत, पहिलीतलं पोर पाढा म्हणतं तसा. तिसऱ्या वेळी तिचं चुकलं नाही.

४

"वयनींचं काम झालं वाटतं," काळूराम मचाणाखाली बिडी पेटवत होता. माझी रिकामी पिशवी त्याने बघितली.

"तुमच्या गावच्याच एक बाई भेटल्या. शेवटच्या जोत्यावर."

"बगळीण?" हे वरून म्हणाले.

"गप्प बसा हो. खरंच बाई होत्या."

काळूराम बिडी ओढायची विसरला. "शेवटचं म्हंजी ते, भेंडीच्या झाडाजवलचं?"

"नाही. त्याच्या पुढचं. समुद्राकडचं."

"त्याच्या पुढं व्हती दोन-चार. ती दर्यानं नेली, गेल्या सालच्या पावसात."

आम्ही तिघेही बघायला गेलो. भेंडीच्या झाडाजवळचं जोतं होतं. त्यापुढे पाणी होतं. करडं, सपाट, एक बगळा मांडीभर पाण्यात उभा.

"भरती आली, झालं," हे म्हणाले. "पाण्याखाली असेल. उगाच काय."

काळूरामने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "भरतीला अजून तास हाय, साहेब." मग माझ्याकडे वळला. "ती बसलीवती का उभी व्हती?"

"बसली होती."

"मंग बराय," तो म्हणाला. "बसलेली बाय कटं जाते."

पत्ता दिला हे मी त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? आपण सगळ्यांनाच म्हणतो, घरी या. येतं कोण?

५

संक्रांत छान झाली. इमारतीतल्या बावीस जणी आल्या. समोरच्या दारातल्या शशिकलाताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, जिभेला हाड नसलेल्या. त्या म्हणाल्या, "हिच्या पोटाकडे बघून तीळगूळ द्या गं, दोन घ्यायचे आहेत तिला." घर भरून गेलं. मी देवीला म्हटलं, आणखी काय हवं मला?

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, ओल दिसली. बादलीभर पाणी सांडावं एवढी नव्हे. माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा लागते, तेवढी.

"टाकी भरून वाहतेय," शशिकलाताई म्हणाल्या. "या सेक्रेटरीला बॉल कॉक म्हणजे काय ते कळतं का? त्याच्या बायकोला विचारा, तिला कळेल."

मलाही तेच पटलं. पण टाकीचं पाणी वरून येतं, भिंतीवरून. भिंत कोरडी होती. मी फडक्याने पुसलं. फडकं पिळताना हाताला ते चिकट लागलं. म्हणून जिभेवर एक थेंब घेतला, का घेतला कुणास ठाऊक. खारट होतं.

तिसऱ्या दिवशी ओल दोन पायऱ्या वर होती. आठवड्यात आमच्या मजल्यावर आली. मग आमच्या दाराच्या उंबऱ्याशी. रोज पुसायची, रोज दुपारी पुन्हा तिथेच. घंटा वाजली नाही, कडी वाजली नाही. फक्त यांची दुसरी पाळी असली की दुपारी तीननंतर, घर शांत झालं की, दाराच्या पलीकडे अगदी हळू सळसळ ऐकू यायची. सुपात तांदूळ फिरवावेत तशी. थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

मी यांना सांगितलं. यांनी दार उघडून बघितलं, जिना खालीवर बघितला. "उंदीर असतील. तू दिवसभर पडून असतेस, कान तिकडेच लागतात." प्रेमाने म्हणाले. माणूस खरंच भला आहे.

मला मात्र कळत होतं. बोलावलेली सवाष्ण दाराशी येते आणि थांबते. घरातली "या" म्हणाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आमच्या आजीने, आईने, मी, जन्मात कधी सवाष्णीला दारातून परत पाठवलं नाही. आणि मी वरची कडी लावून आत बसले होते. पोटावर दोन्ही हात ठेवून. मला त्या कोंबांची भीती वाटत होती. आत आली की काय सोडील ती, आणि कुठे, एवढंच मनात यायचं. घरात आणखी कुणी नव्हतंच. मी आणि माझ्या पोटातलं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी बाळ हलायचं थांबलं.

६

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. "ठोके आहेत, पण मंद वाटतात. घरी डाव्या कुशीवर झोपा. उद्या सकाळपर्यंत हललं नाही तर सरळ बॅग घेऊन या." हसल्या नाहीत. त्या नेहमी हसायच्या.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी होती. सकाळी यांनी बॅग भरली. अकराला डॉक्टरीणबाईंकडे निरोप पाठवला, तर त्या दुसऱ्या एका बाळंतपणात अडकलेल्या. "चारला या, खाट ठेवते," असं कळवलं. यांची पाळी होती. सुट्टी सांगायला आणि रिक्षा घेऊन परत यायला हे अडीचला बाहेर पडले. शशिकलाताईंना बसायला सांगून गेले होते, पण त्यांच्या घरी दूध उतू गेलं म्हणून त्या "आलेच गं" म्हणत गेल्या.

घर शांत झालं. सळसळ सुरू झाली.

मी डाव्या कुशीवर पडून होते. पोट दगडासारखं. मी मनाशी म्हटलं, कारणं असतील. आधीही दोनदा असंच झालं होतं, तेव्हा दाराशी कुणी नव्हतं. पण मग असंही वाटलं, मी जिला बोलावलं तिला सव्वीस दिवस उंबऱ्याबाहेर बसवलंय. आज हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. कुठल्या तोंडाने मी देवाकडे काही मागणार?

उठले. बाहेरच्या खोलीत पाट मांडला. हळदीकुंकवाची ताटली घेतली. कडी काढली, दार पूर्ण उघडलं आणि मान खाली घालून म्हटलं, "या."

मी वर बघितलं नाही. सुरुवातीला. ओल्या लुगड्याचा काठ उंबऱ्यावरून आत येताना दिसला. माझ्या पावलांजवळून गारवा गेला. पाटाची फळी करकरली, माझ्या आजीचा पाट आहे तो, फक्त जड माणूस बसलं तरच करकरतो. मग बांगड्या किणकिणल्या, आणि तांदूळ पडायला लागला.

ती ओटी सोडत होती. फरशीवर तांदळाचा आवाज होत राहिला. आधी थोडा थोडा, मग पोतं उलटं केल्यासारखा, आणि संपेचना. मी भिंतीला धरून उभी राहिले. खोलीत खाडीचा वास भरला. मला वाटलं, आता घोट्यापर्यंत आला असेल, आता गुडघ्यापर्यंत. पायाला मात्र कोरडी फरशीच लागत होती.

तेव्हा बाळाने पाय मारला. एकदा, आणि मग धडाधड, रागावल्यासारखे.

मी रडत वर बघितलं. तिचे आभार मानायचे होते मला. पाटावर कुणी नव्हतं. आतल्या खोलीच्या दारातून एक पाठ आत जाताना दिसली, एवढंच. घरातल्या माणसाची असते तशी, सवयीची, घाई नसलेली. पदर रिकामा, खांद्यावर नीट टाकलेला.

मग मी दार लावायला वळले.

जिन्यात, प्रत्येक पायरीवर, खालपर्यंत, कुणीतरी उभं होतं. मी तोंडं बघितली नाहीत. पुढे पसरलेले पदर दिसले, एकाखाली एक, आणि त्यांतले हिरवे शेंडे वाऱ्याशिवाय हलत होते. सगळ्या थांबल्या होत्या. बोलावण्याची वाट बघत.

"आज एकीलाच," मी म्हणाले. हात जोडून म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

आणि दार लावलं.

"अगं, कुणाशी बोलतेस?" शशिकलाताई समोरच्या दारातून विचारत होत्या. "आणि हा जिना कोणी धुतला एवढा?"

७

एप्रिलात मुलगी झाली. प्राजक्ता. सव्वातीन किलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी आशा सोडली होती, तुम्ही सोडली नाहीत. आज तिला सहावं वर्ष चालू आहे. वर्गात दुसरी आली. असं एकही सकाळचं पूजेचं ताट नाही की ज्यात मी त्या बाईसाठी एक फूल वेगळं ठेवलं नाही. तिने दिलेला शब्द पाळला.

मीही पाळला. दर रथसप्तमीला दार उघडते आणि एकीला "या" म्हणते. फक्त शहाण्णव साली यांच्या बहिणीकडे लग्न होतं, घर बंद होतं, राहून गेलं. त्या रात्री प्राजक्ता बोलायची थांबली. ताप नाही, काही नाही. नुसती बसून राहिली, पुढे बघत. तीन दिवसांनी परत येऊन दार उघडलं तेव्हा दोघींना एकदम आत घ्यावं लागलं. दुसऱ्या मिनिटाला पोर "आई, भूक लागली" म्हणाली.

त्या त्रास देत नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. घरात गारवा असतो, उन्हाळ्यात तर सुखच. भांड्यांना जरा खारट चव येते. यांनी कधी मला विचारलं नाही, पण खुर्च्या हळूहळू भिंतीला लावून टाकल्या आणि मधली जागा मोकळी सोडली. प्राजक्ता मोकळ्या खोलीतून कधी सरळ पळत जात नाही. वळणावळणाने जाते, जसं आपण पंगतीतून जातो. कधी धक्का लागलाच तर थांबते, खाली वाकते, हवेला हात लावून तो कपाळाला लावते. कुणाचा पाय लागला की करतो ना आपण, तसं. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

आता आमच्याकडे सात जणी आहेत. दोन खोल्या. परवा मी मनातल्या मनात जागा मोजत होते. स्वयंपाकघरात ओट्याखाली, पलंगापाशी, देव्हाऱ्यासमोर. कुठेही पाटाएवढी जागा उरलेली नाही. मोठं घर घ्यायची आमची ऐपत नाही, आणि आहे त्यांना "उठा" म्हणण्याची माझी जीभ नाही. त्यांना एकदा उठवलेलं आहे.

रथसप्तमीला नऊ दिवस आहेत. उंबऱ्याशी ओल आली आहे. प्राजक्ता काल संध्याकाळपासून गप्प आहे.

मी घाबरलेली नाही, देवाने इतकं दिलं आहे की घाबरण्याचा मला हक्क नाही. म्हणून तर हे सगळं लिहिलं. तुमच्यापैकी कुणाचं पाचव्यात राहत नसेल, कुणाच्या घरात पाळणा हवा असेल, किंवा काहीच नको असेल, नुसती एक खोली रिकामी असेल, तर या आठवड्यात खारवलीला जाऊन या. उद्यान नऊला उघडतं. पक्षी बघा, किनारा बघा. मग एक खण, एक नारळ आणि थोडे तांदूळ घेऊन जोत्यांच्या बाजूने पुढे चालत जा. कुणीतरी बसलेलं असेलच. नाव-गाव विचारू नका. ओटी भरा, आणि घरी बोलवा, अगदी मनापासून.

पत्ता मात्र तुमचा सांगा.